मूल अंगावर धावून येतं तेव्हा

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ च्या एप्रिल महिन्यात रत्नागिरीत आणून ठेवलं. इथलं मनोरुग्णालयही त्याच वर्षीचं. राजाचा वाडा बघायला आज शाळांच्या सहली येतात. मनोरुग्णालयाची पायरी मात्र माणसं नाइलाजानेच चढतात. कुठल्याही मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून एखादं असं कुटुंब येतं, की ज्यात रुग्ण म्हणून आणलेलं माणूस बारा-तेरा वर्षांचं असतं. मूल आजारी दिसत नाही. आईने मात्र मे महिन्याच्या उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलेला असतो. बाही वर सरकवली की आत दातांचे नि नखांचे वण दिसतात.

“एरवी इतका गुणी आहे हो, पण मध्येच एकदम अंगावर येतो,” असं आई सांगते. वडील म्हणतात, “काही कारण लागत नाही त्याला.” आजीने येण्यापूर्वी मीठ-मोहरी ओवाळून टाकलेली असते. शेजाऱ्यांचं निदान सगळ्यात सोपं असतं: लाडावून ठेवलाय, दोन ठेवून दिल्या की सरळ होईल.

आजच्या व्याख्यानाचा विषय वडिलांच्या त्या एका वाक्याशी बांधलेला आहे. बहुतेक वेळा कारण असतं. ते सापडू शकतं. आणि ते शोधण्याचं पहिलं काम मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा घरातली आणि शाळेतली माणसं अधिक चांगलं करू शकतात, फक्त त्यांना ते करायला कुणी शिकवलेलं नसतं.

आधी ही मुलं कोण, ते पाहू. यांत स्वमग्न मुलं आहेत, अतिचंचल मुलं आहेत, फिट येणारी आहेत, सेरेब्रल पाल्सी असलेली आहेत, बुद्धीची वाढ मागे राहिलेली आहेत. काहींना मेंदूज्वर किंवा डोक्याचा मार होऊन गेलेला आहे. कित्येकांत यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात. भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. सहा ते नऊ या वयोगटात शंभरातल्या तेरा-चौदा मुलांना मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण आढळली, आणि स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. म्हणजे पाचशे पटाच्या शाळेत चार-पाच स्वमग्न मुलं असणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

यांतली सगळीच मुलं मारकुटी नसतात. पण प्रश्न दुर्मीळही नाही. अमेरिकेत २०११ साली स्टीफन केन आणि मिकाह मॅझुरेक यांनी १,३८० स्वमग्न मुलांच्या पालकांची माहिती तपासली. आपल्या मुलाने घरच्या, सांभाळणाऱ्या माणसावर कधी ना कधी हात उचलला आहे, असं ६८ टक्के पालकांनी सांगितलं. बाहेरच्यांच्या बाबतीत हा आकडा ४९ टक्के होता. घाव सगळ्यात जास्त जवळच्याच माणसाला बसतो, आणि तोच माणूस लाजेने तो लपवतो.

कायद्यालाही या मुलांचं काय करायचं ते बराच काळ कळलेलं नव्हतं. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने मनोरुग्ण आणि जन्मतः बुद्धीने मागे असलेला माणूस या दोघांना एकाच व्याख्येत कोंबलं होतं. १९८७ च्या कायद्याने मतिमंदत्व मनोरुग्णतेच्या व्याख्येतून बाहेर काढलं. ते योग्यच झालं, पण बाहेर काढून नेमकं कुठे ठेवलं? १९९९ साली नॅशनल ट्रस्टचा कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या माणसांना त्याने आधार दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले. कागदावर आता जागा आहे. तरी रात्री अकरा वाजता मुलगा भिंतीवर डोकं आपटत असेल, तर कोणाचं दार ठोठावायचं, हे आजही पालकांना ठाऊक नसतं.

आता मूळ मुद्दा. हात उठण्याआधी मुलाच्या आत काय चाललेलं असतं?

आवाज, स्पर्श, उजेड, वास, चव या पाच संवेदना आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या जोडीला शरीराचा तोल सांगणारी, स्नायू-सांध्यांची स्थिती सांगणारी आणि भूक, तहान, पोटातली कळ असं आतलं कळवणारी संवेदना असते. मेंदूचं निम्मं काम यांतलं बिनमहत्त्वाचं बाजूला सारणं हे आहे. सभागृहात बसलेल्या माणसाला पंख्याची घरघर पाच मिनिटांनी ऐकू येईनाशी होते. कान तेच, आवाज तोच. मेंदूने दखल घेणं थांबवलेलं असतं. अनेक स्वमग्न मुलांच्या बाबतीत हे थांबणं नीट होत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी मुलांना एमआरआय यंत्रात ठेवून त्यांच्या हातावर टोचरी लोकर फिरवली, कानांत गोंगाट ऐकवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांना संवेदनांचा जास्त त्रास होतो अशा स्वमग्न मुलांच्या मेंदूतलं भीतीशी संबंधित केंद्र, म्हणजे अमिग्डाला, जोराने पेटलेलं दिसलं. आणि तीच लोकर, तोच आवाज पुन्हा पुन्हा दिला तरी ते इतरांसारखं शांत होत गेलं नाही. निदानाच्या अमेरिकी नियमावलीत संवेदनांची ही अडचण स्वमग्नतेच्या लक्षणांत दाखल व्हायला मात्र २०१३ साल उजाडलं. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं होतं १९४३ साली. मधल्या सत्तर वर्षांत कान झाकून किंचाळणाऱ्या किती मुलांना हट्टी ठरवलं गेलं असेल!

कोकणातलं एक वर्ष अशा मुलाच्या अंगाने बघा. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू होतो तो आठवडे आठवडे थांबत नाही. गणवेश वाळत नाही. अर्धवट ओला, कुबट वासाचा, मांडीला चिकटणारा कपडा घालून सकाळी सातला निघायचं. वीज जाते, पंखा थांबतो, टीव्ही मध्येच बंद पडतो. मग गणपती. घराला रंग लागतो, त्याचा वास. मुंबईहून चाकरमानी येतात. माजघरातली त्याची ठरलेली झोपायची जागा पाहुण्यांना जाते. सकाळ-संध्याकाळ आरती, झांजा, टाळ्या, मग फटाके. गाल ओढणारे काका, मांडीवर घेऊ पाहणाऱ्या आत्या. शिमग्यात ढोल-ताशे, होमाभोवतीची बोंब, ग्रामदैवत भैरीच्या पालखीची गर्दी. इतरांना ज्या दिवसांची वर्षभर वाट असते, ते दिवस या मुलाला पार पाडावे लागतात. तिसऱ्या दिवशी तो मावशीला ओरबाडतो, आणि घर म्हणतं, “काहीच झालं नव्हतं, ती नुसती जवळ गेली.” मावशी शेवटची होती, इतकंच. तिच्याआधी तीन दिवस साचत आलेले होते.

या साचण्याची चिन्हं शरीरावर उमटतात. अमेरिकेत मॅथ्यू गुडविन यांच्या गटाने वीस स्वमग्न मुलांच्या मनगटावर नाडी, घाम आणि हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. आधीच्या तीन मिनिटांच्या नोंदींवरून, पुढच्या मिनिटात मूल अंगावर येईल का, याचा बऱ्यापैकी अंदाज संगणकाला बांधता आला. अंदाज दर वेळी अचूक नव्हता, पण केवळ योगायोगाने येईल त्याहून तो बराच चांगला होता. २०१९ सालचं हे काम आहे. यंत्र महागडं असेल. आईचे डोळे फुकट असतात. कान लाल होणं, बोटं वळवणं वाढणं, एकच शब्द घोकणं, येरझाऱ्या, श्वास भरभर चालणं, नजर एका जागी खिळणं: प्रत्येक मुलाची चिन्हं वेगळी, पण त्या मुलापुरती ती बहुधा ठरलेली. वादळ येण्याआधी बंदरावर बावटा लागतो. तो लागलेला असताना होडी कुणी पाण्यात लोटत नाही. घरात मात्र आपण नेमकं त्याच वेळी, “आधी पाढे म्हण, मग बाहेर,” असं म्हणतो.

चिन्हं ओळखायची आणि कारण शोधायचं, तर त्यासाठी साधन एकच लागतं: शंभर पानी वही. तिच्यात तीन रकाने. आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वेळ आणि जागा लिहायची. मतं लिहायची नाहीत. ‘मुद्दाम केलं’ असं लिहायचं नाही, ‘वही फेकली’ असं लिहायचं.

नमुना म्हणून एका मुलाच्या आठवडाभराच्या अशा नोंदी कशा दिसतील ते पाहू. सोमवार, ११.४०, पोषण आहाराची रांग. मुलं स्टीलची ताटं वाजवत होती. मागच्या मुलाचा खांदा चावला. बाईंनी वर्गात नेऊन बसवलं, खिचडी तिथेच दिली. मंगळवार, तीच रांग, तोच खणखणाट. काही झालं नाही. बुधवार, ३.१५, वजाबाकी, वही फेकली, शेजारच्या मुलीला ओरबाडलं, गणित थांबवलं. गुरुवार, ११.३५, रांग, पुन्हा चावा, पुन्हा वर्गात, पुन्हा एकट्याची खिचडी.

शाळेची वही एवढंच सांगते. घरची वही शेजारी ठेवली की चित्र पालटतं. रविवारी आणि सोमवारी शौचाला झालेलं नाही. मंगळवारी पहाटे पोट साफ. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. म्हणजे रांगेतला आवाज रोजचाच होता; पोट साफ असलेल्या दिवशी तो त्याने सोसला, कळ येत असलेल्या दिवशी सोसला नाही. तिसरा रकाना आणखी एक गोष्ट सांगतो. चावल्यावर त्याला शांत खोली मिळाली, ओरबाडल्यावर गणित टळलं. त्याला जे हवं होतं ते मागायचा दुसरा मार्ग त्याच्याकडे नव्हता, आणि हा मार्ग दर वेळी चालला.

यावर शिक्षा हा उपाय होऊच शकत नाही, कारण शिक्षेने ना आवाज कमी होतो, ना पोट साफ होतं, ना मागायची भाषा येते. उपाय असे: घंटेच्या पाच मिनिटं आधी त्याला वर्गात खायला देणं, बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टर, आणि खिशात एक चित्राचं कार्ड, जे दाखवलं की बाईंनी त्याला बाहेर जाऊ द्यायचं. “असं केलं तर तो रोज कार्ड दाखवील,” अशी शिक्षकांची भीती असते. पहिले काही दिवस दाखवतोही. पण कार्ड दाखवणं आणि खांदा चावणं यांत निवड करायची झाली, तर शाळेने कार्डच पत्करावं.

ही युक्ती नवी नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली चार मुलांवर नेमकं हेच काम केलं. कुठलं मूल अवघड कामाला वैतागून उसळतं आणि कुठलं लक्ष मिळावं म्हणून, हे त्यांनी आधी तपासलं. मग पहिल्या प्रकारच्या मुलांना ‘मला समजत नाही’ असं म्हणायला आणि दुसऱ्या प्रकारच्यांना ‘मी बरोबर करतोय का’ असं विचारायला शिकवलं. मारणं, फेकणं लक्षणीय कमी झालं. कारण चुकीचं ओळखून भलतंच वाक्य शिकवलं, तर मात्र उपयोग होत नव्हता. जगभरच्या विशेष शाळांत आज हे काम पायाभूत मानलं जातं.

वहीच्याही आधी एक गोष्ट करायची: मूल डॉक्टरांकडून डोक्यापासून पायापर्यंत तपासून घ्यायचं. ज्याला ‘दात दुखतोय’ असं सांगता येत नाही, तो गालावर थापडा मारतो. कान फुटलेला असला की डोकं आपटतो. जळजळ, बद्धकोष्ठता, जंत, मुलींमध्ये पाळीच्या आधीच्या वेदना, सेरेब्रल पाल्सीत निखळत चाललेला खुबा, अपुरी झोप. यादी लांब आहे. स्वमग्न मुलांच्या पोटाच्या तक्रारींवर तज्ज्ञांनी २०१० साली एकत्र येऊन जे मत दिलं, त्यात हे स्पष्ट म्हटलं आहे की न बोलणाऱ्या मुलात बदललेलं वागणं हे पोटाच्या दुखण्याचं एकमेव लक्षण असू शकतं. शांत असलेलं मूल पंधरा दिवसांत मारकुटं झालं, तर आधी शरीर बघावं, स्वभाव मागाहून.

फिटचा विषय वेगळा मांडायला हवा, कारण तिथे गैरसमज सर्वांत जास्त. फिट येऊन गेल्यावर काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, मूल भांबावलेलं असतं. त्याला माणसं ओळखू येत नाहीत. अशा वेळी चौघांनी हातपाय दाबून धरले, नाकाशी कांदा किंवा चप्पल आणली, की ते जिवाच्या आकांताने झटापट करतं. तो मार कुणाला लक्ष्य करून दिलेला नसतो आणि नंतर मुलाला त्याची आठवणही नसते. त्याला कुशीवर वळवावं, भोवतालच्या टणक वस्तू सरकवाव्यात, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर थेट दवाखाना. औषधांचीही एक बाजू आहे. लेव्हेटिरॅसिटाम आणि फिनोबार्बिटोन ही फिटची औषधं काही मुलांना चिडचिडी, आक्रमक करतात. औषध सुरू झाल्याची तारीख आणि वागणं बिघडल्याची तारीख शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवावी. गोळी मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नये. त्याने फिट उसळतात आणि जिवावर बेतू शकतं.

क्वचित असेही आजार असतात की जिथे संताप मुळात नसतोच. मायकेल लेश आणि विल्यम नायहन यांनी १९६४ साली वर्णन केलेल्या जनुकीय आजारात मुलगा स्वतःचे ओठ, बोटं चावतो, जवळच्यांना मारतो, आणि ते त्याला थांबवता येत नाही. यांतली काही मुलं, ‘माझे हात बांधून ठेवा,’ अशी स्वतःच विनवणी करतात. ‘मनात आणलं तर थांबवेल’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी या मुलांची आठवण ठेवावी.

संवेदनांवर उपचार करण्याची शाखा म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. अमेरिकेतल्या जीन एयर्स यांनी १९७२ साली संवेदनांच्या एकसंधतेवर पुस्तक लिहिलं आणि झोके, गाद्या, जड पांघरुणं, घासण्याचे ब्रश उपचाराच्या खोल्यांमध्ये आले. महाराष्ट्राचा या शाखेशी संबंध त्याहून जुना आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. आशियातली ही अशा प्रकारची पहिली शाळा. १९५२ साली देशभरच्या व्यवसायोपचारकांची संघटनाही त्यांनीच उभी केली. इतका जुना वारसा असूनही तालुक्याच्या गावी व्यवसायोपचारक मिळणं आजही कठीण आहे. आणि जिथे मिळतो तिथे पालकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: या झोक्यांनी, या ब्रशने घरातली कोणती अडचण कमी व्हायला हवी, आणि ती झाली की नाही हे आपण कसं मोजणार? या उपचारांचे पुरावे सगळे सारखे भक्कम नाहीत. उत्तर न देता वर्षानुवर्षं फी घेणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

प्रत्यक्ष उद्रेक सुरू झाला, तर शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते. तेव्हा समजावणं, दरडावणं, नियम सांगणं, पाणी मारणं, थप्पड, मोबाइलवर चित्रण करणं, सगळं थांबवावं. एकच माणूस जवळ राहील, बाकीचे खोलीबाहेर. दिवा मंद, टीव्ही बंद. कात्री, सुरी, काचेच्या वस्तू हाताच्या टप्प्यापलीकडे. डोकं आपटत असेल तर मध्ये उशी. बोलायचंच तर दोन-तीन शब्द, हलक्या आवाजात. भावंडांना कुठे जायचं हे आधीच ठरलेलं असावं. पालथं पाडून पाठीवर बसणं हे तर कधीही नाही. त्याने श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत. उद्रेक म्हणजे हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडे कुणी बघतंय का ते पाहतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. उद्रेकातलं मूल तसं थांबत नाही. मागितलेलं हातात दिलं तरी त्याला ते दिसत नाही. ओसरल्यावर ते गळून जातं, कधी झोपतं, कधी रडतं. त्या वेळी हिशोब मागू नये. वही मात्र त्याच दिवशी लिहावी.

औषधांबद्दल दोन टोकं ऐकू येतात: ‘गोळीने झोपवून ठेवतात’ आणि ‘एक गोळी द्या म्हणजे सुटलो’. दोन्ही चूक. रिस्पेरिडोन या औषधाची २००२ साली १०१ स्वमग्न मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली. चिडचिड आणि आक्रमकता मोजणारे गुण औषध घेणाऱ्यांत सुमारे ५७ टक्क्यांनी उतरले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत १४ टक्क्यांनी. फरक मोठा आहे. पण त्याच आठ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, इतरांचं ०.८ किलोने. म्हणून हे औषध द्यायचं तर वजन, भूक, रक्तातली साखर यांवर नजर ठेवून, ठरावीक मुदतीने गरज तपासत. दुसरीकडे, २०१५ साली तीन ते सात वर्षांच्या १८० मुलांच्या पालकांवर झालेला अभ्यास आहे. एका गटाला फक्त माहिती दिली, दुसऱ्याला आज सांगितलेल्या प्रकारचं वागणूक हाताळण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण दिलं. २४ आठवड्यांनी मुलांच्या चिडचिडीचे गुण पहिल्या गटात सुमारे ३२ टक्क्यांनी, दुसऱ्यात ४८ टक्क्यांनी कमी झाले. या प्रशिक्षणाला ना यंत्र लागतं, ना प्रयोगशाळा.

वय हा या प्रश्नातला सगळ्यात निष्ठुर भाग आहे. आठ वर्षांच्या मुलाला आई मिठीत धरून आवरते. तोच चौदाव्या वर्षी तिच्याहून उंच आणि वजनदार होतो. तिथून घरं मिटत जातात. आई-वडील एकत्र लग्नकार्याला जाईनासे होतात, एक जण नोकरी सोडतो, खोलीला बाहेरून कडी लागते. कुठे दोर येतो, कुठे साखळी. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी झोपडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर सरसकट बंदी घातली. महाराष्ट्रात तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, ज्याच्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले आणि जो त्यांच्या खुनानंतर आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने वा साखळीने बांधणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. देवाला गाऱ्हाणं घालायला कुणाची हरकत नाही. मुलाला धुरी देणाऱ्याची तक्रार मात्र पोलीस ठाण्यात करता येते, आणि करावी.

कायद्याने घराला बंदी घातली. घराच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न उरतोच. आज मुलाला घेऊन मुंबई गाठायची तर कोकण रेल्वेचा सहा-सात तासांचा गर्दीचा प्रवास, तिथे अनोळखी जागी रांग, आणि शेवटी पंधरा मिनिटांची भेट. त्या पंधरा मिनिटांत मूल कधी अगदी शहाण्यासारखं बसून राहतं आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. कधी इतकं बिथरलेलं असतं की तपासताच येत नाही. दोन्ही वेळा आईची वही बोलते. दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या, तर त्या पंधरा मिनिटांचं सोनं होतं.

जिल्ह्यात काहीच नाही असंही नाही. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही विशेष शाळा आणि शामराव भिडे कार्यशाळा आहे; अशा मुलांबरोबर रोज काम करणाऱ्या शिक्षकांचा अनुभव शहरात उपलब्ध आहे. मनोरुग्णालय आहे. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची असतात, आणि वाढीत अडचण असलेल्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं असतं. या सगळ्यांना जोडणारा धागा मात्र विरळ आहे. विशेष शाळेतल्या शिक्षिकेला जे ठाऊक आहे, ते पलीकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींपर्यंत पोचत नाही. यासाठी नवी इमारत नको; वर्षातून दोन दिवसांचं शिबिर पुरे.

म्हणून शेवटी तीन विनंत्या.

शाळांना: शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने कुठल्याही मुलाला शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे, चावणाऱ्या मुलालाही. ‘उद्यापासून पाठवू नका’ असं सांगण्यापूर्वी तीन रकान्यांची वही एक महिना ठेवून बघा.

उत्सव मंडळांना: रुग्णालय आणि शाळा यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या नियमांतलीच आहे. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ वाडीतल्या अशा घराला आदल्या दिवशी कळवा. त्या घराला तेवढ्या वेळापुरतं मूल दुसरीकडे नेता येतं.

आणि पालकांना: दिव्यांगत्वाचं ओळखपत्र काढून घ्या. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, ती एक लाख रुपयांपर्यंत खर्च देते. अठरा वर्षांनंतरच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. रात्री-बेरात्री धीर सुटला तर ‘टेली मानस’ ही सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर आहे १४४१६. आज घरी जाण्यापूर्वी तो मोबाइलमध्ये टाकून घ्या. आपल्याला लागला नाही, तरी ओळखीतल्या कुणाला तरी लागेल.